तारीख ठरवण्याआधी: अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये लग्न, बाप्तिस्मा आणि हॉलचा वापर

"ताई, रिसेप्शनचा हॉल झाला, केटररला ॲडव्हान्स दिला, पुण्याहून सगळ्यांची तिकिटंही निघाली. आता चर्चचं तेवढं सांगा." असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. एकदा मी तारीख विचारली, तर ती ईस्टरच्या आदल्या शनिवारची निघाली. त्या दिवशी चर्चमध्ये लग्न लागत नाही. गुरुवारी रात्रीच वेदीवरची वस्त्रं उतरवलेली असतात, शनिवारी दिवसभर वेदी उघडी असते आणि रात्री वर्षातली सगळ्यात मोठी उपासना असते. मुलीची आई फोनवर रडायला लागली. त्यांचं चुकलं ते एवढंच की सुरुवात शेवटच्या टोकाकडून झाली. पहिला फोन चर्चला झाला असता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

मी मूळची नगरची. न्यू जर्सीतल्या एका एपिस्कोपल पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, आल्टर गिल्डमध्ये मी बरीच वर्षं आहे. वेदीवरची वस्त्रं धुऊन इस्त्री करणं, फुलं, मेणबत्त्या, बाप्तिस्म्याचं पाणी ही आमची कामं, आणि लग्न असलं की रिहर्सलला उभं राहणं. ज्यांची मुलं एपिस्कोपल जोडीदाराशी लग्न करताहेत ते आईवडील, इकडे स्थायिक झालेली आपली ख्रिस्ती कुटुंबं आणि कार्यक्रमासाठी हॉल शोधणारे मंडळाचे कार्यकर्ते यांच्या मनात येणारे प्रश्न मी जवळून ऐकले आहेत. त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते.

कोणता नियम कोणाचा

एपिस्कोपल चर्च म्हणजे अँग्लिकन परिवारातलं अमेरिकेतलं चर्च. आपल्याकडची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झाली, आणि तीही याच परिवारात मोडते. त्यामुळे नगर, पुणे किंवा मुंबईच्या सीएनआय चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला इथे चालतो. खरं तर पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला कोणत्याही चर्चचा बाप्तिस्मा चालतो. तो पुन्हा करत नाहीत.

नियमांचे तीन थर असतात आणि समोरचा नियम कोणत्या थरातला आहे ते कळलं की निम्मे वाद मिटतात. पहिला थर १९७९ चं प्रार्थनापुस्तक आणि कॅनन, म्हणजे संपूर्ण चर्चचे कायदे. ते न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत सारखेच, त्यात रेक्टरला, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाळकांनाही, मनमानी करता येत नाही. दुसरा थर बिशपचा, त्या त्या डायोसीसपुरता, म्हणजे त्या बिशपच्या हाताखालच्या भागापुरता. तिसरा पॅरिशचा स्वतःचा: भाडं, फुलं, फोटो, पार्किंग, चहाचे कप. बोलणी करायची ती या तिसऱ्या थराची.

चर्चची इमारत वापरण्याचा अधिकार कॅननप्रमाणे रेक्टरकडे असतो. मालमत्ता आणि करारमदार व्हेस्ट्री बघते, ती सभासदांनी निवडलेली समिती. म्हणून ऑफिसात फोन उचलणारी व्यक्ती कितीही गोड बोलली, तरी रेक्टरचा होकार लेखी येईपर्यंत तारीख पक्की समजू नका. आणि हो, रेक्टर बाई असू शकतात. इथे १९७६ पासून स्त्रियांच्या धर्मगुरुपदाला रीतसर मान्यता आहे. गावाकडच्या पाहुण्यांना आधी कल्पना दिलेली बरी, म्हणजे ऐन वेळी कुजबुज होत नाही.

लग्न: पहिल्या फोनपासून नोंदवहीतल्या सहीपर्यंत

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: दोघांपैकी कोणाचा बाप्तिस्मा झालाय, आधी कोणाचं लग्न झालं होतं का, आणि दोन-तीन पर्यायी तारखा. कॅननप्रमाणे लग्नाची इच्छा किमान ३० दिवस आधी पाळकांना कळवावी लागते. ही अगदी तळाची मर्यादा. प्रत्यक्षात बहुतेक पॅरिशना काही महिने लागतात. लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात बरीच चर्च लग्न लावत नाहीत, काही नाताळआधीच्या ॲडव्हेंटमध्येही नाही. मुहूर्त बघणाऱ्या घरात आधी पाळकांकडून मोकळ्या तारखांची यादी घ्या आणि ती गुरुजींपुढे ठेवा. उलट क्रमाने गेलात तर दोन पंचांगांची गाठ पडत नाही.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: हिंदू मुलाला किंवा मुलीला धर्म बदलावा लागतो का? नाही. प्रार्थनापुस्तकाच्या अटी स्पष्ट आहेत. दोघांपैकी किमान एकाचा बाप्तिस्मा झालेला हवा, निदान दोन साक्षीदार हवेत, आणि लग्न राज्याच्या कायद्याला आणि चर्चच्या कॅननला धरून हवं. दोघंही बाप्तिस्मा न झालेले असतील तर मात्र इमारत कितीही आवडली तरी हा विधी होणार नाही. एकाच लिंगाच्या जोडप्यांसाठी चर्चच्या २०१५ च्या सॉल्ट लेक सिटीतल्या अधिवेशनात कॅनन बदलला आणि त्यांच्यासाठी विधीही मंजूर झाले. याशिवाय पाळकांना एखादं लग्न लावायला नकार देण्याची मुभा कॅननच देतो, त्यावर हट्ट चालत नाही.

घटस्फोटानंतरचं लग्न होऊ शकतं, पण त्याला बिशपची संमती लागते. घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा दाखवावा लागतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोर्टाचा कागद मराठीत असेल, तर प्रमाणित भाषांतर आधीच करून ठेवा. पाळक आणखी एक विचारतात, आणि ते मला फार मोलाचं वाटतं: पहिल्या जोडीदाराची आणि त्या लग्नातल्या मुलांची काळजी नीट घेतली जातेय ना? हा प्रश्नही कॅननमधलाच आहे. त्याला राग न मानता खरं उत्तर द्या.

आपल्या मुलांच्या बाबतीत दर वेळी निघणारी गोष्ट म्हणजे व्हिसासाठी आधीच उरकलेलं कोर्ट मॅरेज. ते लपवू नका. कायद्याने लग्न झालेलं असेल तर दुसरं मॅरेज लायसन्स, म्हणजे लग्नाचा सरकारी परवाना, सहसा काढायचं नसतं, आणि प्रार्थनापुस्तकात अशा जोडप्यांसाठी नागरी विवाहाला आशीर्वाद देण्याचा वेगळा विधी आहेच. तो तितकाच सुंदर असतो. फक्त लग्नाचा दाखला आधी पाळकांना दाखवा.

तारीख मिळाली की पूर्वतयारीच्या भेटी सुरू होतात. लग्नाचा अर्थ, हेतू आणि जबाबदाऱ्या जोडप्याला समजावून सांगणं हे पाळकांवर बंधन आहे, म्हणून या भेटी टाळता येत नाहीत. मुलं दुसऱ्या राज्यात असतील तर काही भेटी व्हिडिओवर होतात, किंवा त्यांच्या गावातल्या पाळकांकडे सोपवल्या जातात. पैसा कोण सांभाळणार, भांडण झालं की दोघं काय करतात, सासूसासरे येऊन राहणार का, मुलांना कोणत्या धर्मात वाढवणार, असं सगळं निघतं. दोन धर्मांतल्या जोडप्यांनी या शेवटच्या प्रश्नावर आधी आपसात बोलून घ्यावं. पाळकांच्या खोलीत पहिल्यांदाच एकमेकांचं मत कळून गप्प झालेली जोडपी मी पाहिली आहेत. शेवटी दोघं एका निवेदनावर सही करतात: एकमेकांचा आनंद, सुखदुःखात मदत आणि आधार, आणि देवाची इच्छा असेल तेव्हा मुलांचं दान व संगोपन, हा लग्नाचा हेतू आम्हांला समजला आहे. सही करण्याआधी घरी नेऊन वाचा.

मॅरेज लायसन्स हे सरकारचं काम आणि ते जोडप्यानेच करायचं. न्यू जर्सीत अर्ज केल्यापासून ७२ तास थांबावं लागतं, आणि अर्ज करताना १८ वर्षांवरचा एक साक्षीदार बरोबर लागतो. टेक्सासमध्येही ७२ तास. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर २४ तास थांबायचं आणि ते ६० दिवस चालतं. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही, मुदत ९० दिवसांची. गुरुवारी विमानातून उतरून शनिवारी न्यू जर्सीत लग्न असं ठरवणाऱ्यांची इथेच गाडी अडते. लायसन्स हातात नसेल तर पाळक लग्न लावणार नाहीत, कायद्याने त्यांना ते लावताच येत नाही. रिहर्सलच्या दिवशी ते पाळकांच्या हातात द्या.

भारतातून आपले पाळकसाहेब येणार असतील, तर त्यांच्या सहभागाबद्दल रेक्टरना पहिल्याच भेटीत विचारा. वाचन, प्रार्थना, उपदेश एवढं रेक्टरच्या निमंत्रणाने सहसा जमतं. लग्न त्यांनीच लावायचं असेल तर बिशपच्या कार्यालयापर्यंत विचारणा जाते आणि स्थानिक कायदाही आडवा येतो. न्यूयॉर्क शहरात तर लग्न लावणाऱ्याला सिटी क्लार्ककडे नाव नोंदवावं लागतं.

*विधीत आपलं काय बसतं?* इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत.

शपथा प्रार्थनापुस्तकातल्याच घ्यायच्या. स्वतः लिहिलेल्या शपथा रिसेप्शनला वाचा, तिथे त्या छान रंगतात. सप्तपदी, अंतरपाट, होम हे मुख्य उपासनेत मिसळत नाहीत. दोन्ही विधी करायचे असतील तर वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी करा. सकाळी चर्च आणि संध्याकाळी मांडव, किंवा एक दिवस मध्ये. दोघांची घाई केली की दोन्हीकडे पाहुणे घड्याळ बघत बसतात.

मंगळसूत्राला मात्र जागा आहे. प्रार्थनापुस्तकात स्पष्ट म्हटलंय की अंगठीऐवजी शपथांचं दुसरं एखादं योग्य चिन्ह वापरता येतं. आमच्या नगरला चर्चमधल्या लग्नातही मंगळसूत्र घालतात, त्यामुळे मला हे वाचून फार आनंद झाला होता. आमच्याकडे एका लग्नात अंगठ्यांबरोबर मंगळसूत्रही पाळकांच्या उघड्या पुस्तकावर ठेवलं होतं. आशीर्वाद झाला, नवऱ्या मुलाने ते उचललं आणि फासा काही केल्या अडकेना. गळ्यावर व्हेल, म्हणजे नवरीच्या डोक्यावरची जाळीची ओढणी, त्याखाली केसांच्या पिना, आणि त्याचे हात थरथरत होते. शेवटी करवलीने पुढे होऊन व्हेल वर धरली, तेव्हा जमलं. तेव्हापासून मी रिहर्सलला खरं मंगळसूत्र आणायला सांगते आणि नवऱ्या मुलाकडून फासा तीनदा लावून घेते.

कन्यादानासारखा भाग हवा असेल तर तोही ऐच्छिक म्हणून पुस्तकात आहे, आणि त्यात एक पर्याय असा की "या दोघांना एकमेकांशी लग्नासाठी कोण सादर करतं?" असा प्रश्न विचारायचा. उत्तर दोन्हीकडच्या आईवडिलांनी मिळून द्यायचं. वडील नसतील तर आई एकटी देऊ शकते. आपल्याकडे अशा वेळी आईला मागच्या रांगेत उभं करतात. इथे ती पुढे येऊन मोठ्याने "मी" म्हणू शकते. ज्या घरात ही परिस्थिती असेल त्यांनी हा पर्याय आवर्जून मागून घ्या.

वाचनं ठरलेल्या यादीतून निवडतात. त्यातला करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मराठी बायबलमधून आजीने वाचावा आणि इंग्रजी मजकूर पत्रिकेत छापावा, हे सहज होतं. विधीत नवरानवरीशिवाय जमलेल्या सगळ्यांनाही एक प्रश्न असतो: या दोघांच्या लग्नाला तुम्ही सर्व शक्तीनिशी आधार द्याल का? त्यावर सगळ्यांनी "देऊ" म्हणायचं असतं. पत्रिकेत तो प्रश्न मराठीतही छापा, म्हणजे पुण्याहून आलेले काकाही मनापासून उत्तर देतील.

लग्नात प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, ठेवायचं की नाही हे ऐच्छिक आहे. कॅननप्रमाणे ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतं. बाकीचे हात छातीवर आडवे ठेवून पुढे येतात आणि आशीर्वाद घेतात. पाहुण्यांपैकी बहुतेक हिंदू असतील तर माझं मत असं की त्या दिवशी ते ठेवू नये. अर्धं चर्च बाकांवर बसून राहतं आणि नव्या कुटुंबाची सुरुवात दोन गटांनी होते. निर्णय अर्थात जोडप्याचा आणि पाळकांचा.

संगीताची जबाबदारी कॅननने पाळकांवर टाकली आहे, म्हणून गाण्यांची यादी आधी दाखवावी लागते. सिनेमातली गाणी रिसेप्शनला. आपलं मराठी उपासनागीत, पेटी-तबल्यासह, बहुतेक ठिकाणी आनंदाने मान्य होतं. बाहेरचा ऑर्गनवादक आणायचा असेल तर पॅरिशच्या ऑर्गनवादकाची परवानगी लागते, आणि पुष्कळदा त्यांचं मानधन तरीही द्यावं लागतं.

*सजावट आणि अक्षता.* एका लग्नात सांगूनही कोणीतरी कुंकवाच्या अक्षता आत आणल्या. त्या दिवशी मी आणि गिल्डमधल्या दोघी जणी संध्याकाळी साडेसातपर्यंत गुडघ्यांवर बसून होतो. तांदूळ व्हॅक्यूमने निघाले, पण गुडघे टेकायच्या उशांवर कुंकू उतरलं होतं. त्या उशा पॅरिशमधल्या बायकांनी टाका टाका घालून भरलेल्या, त्यांतल्या काही जणी आता हयात नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठची उपासना होती. तो डाग अजून आहे. म्हणून पाया पडून सांगते, अक्षता बाहेर, पायऱ्यांखाली, हिरवळीवर, आणि तेही चर्चने हो म्हटलं तर. फुलांच्या पाकळ्यांना लवकर होकार मिळतो. हळदीचे हात असलेल्या नवरीला आम्ही सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीच्या सामानाच्या खोलीत, नेत नाही, कारण हळदीचा डाग पांढऱ्या लिननवरून जात नाही.

बाकी थोडक्यात. वेदीवरची फुलं गिल्डच्या पद्धतीने आणि बहुधा रविवारच्या उपासनेसाठी तिथेच राहतात. खिळे, चिकटपट्टी नाही. बाकांमधल्या वाटेवर अंथरायचं कापड नाही, कारण त्यात चपला अडकतात. फ्लॅश नाही. व्हिडिओवाला एका जागी उभा राहील आणि वेदीच्या कठड्याआड जाणार नाही. फोटोग्राफरला हे नियम जोडप्याने स्वतः पाठवावेत, त्याच्या करारात घातले तर उत्तमच.

रिहर्सल साधारण आदल्या संध्याकाळी तासभर असते आणि ती वेळेवर सुरू होते. त्यानंतर त्याच खोलीत दुसरं काही असतं. साक्षीदार, वाचन करणारे आणि आईवडील हवेतच, बाकी मित्रमंडळी नसली तरी चालतं. विधीनंतर पाळक, जोडपं आणि साक्षीदार लायसन्सवर आणि चर्चच्या नोंदवहीत सह्या करतात. भरलेलं लायसन्स सरकारी कार्यालयात परत पाठवणं हे लग्न लावणाऱ्याचं काम. त्याची प्रमाणित प्रत मागवणं तुमचं, आणि बँक, पासपोर्ट, व्हिसा सगळीकडे ती लागते, म्हणून दोन-तीन प्रती घ्या.

पैशाचं लेखी मागा. ऑर्गनवादक, सेक्स्टन म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, लग्नाची समन्वयक, आणि सभासद नसाल तर इमारतीचं भाडं, असे वेगवेगळे आकडे असतात. पाळकांना काय द्यायचं ते ऑफिसला मोकळेपणाने विचारा. परवडत नसेल तर तेही सांगा. पैशासाठी लग्न अडलेलं मी आमच्याकडे पाहिलेलं नाही.

बाप्तिस्मा: तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा

बाप्तिस्मा इथे घरगुती समारंभ म्हणून करत नाहीत. तो रविवारच्या किंवा सणाच्या मुख्य उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर होतो. प्रार्थनापुस्तक त्यासाठी खास दिवस सुचवतं: ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरणाची उपासना, पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस किंवा त्यानंतरचा रविवार, एपिफनी या ६ जानेवारीच्या सणानंतरचा पहिला रविवार, आणि बिशपची भेट असेल तो दिवस. आजीआजोबांचा इथला मुक्काम सहसा सहा महिन्यांच्या आत असतो, तेव्हा यातला कोणता दिवस त्यात बसतो ते आधी बघा आणि मग तिकीट काढा. कोणाला येता येत नसेल तर चर्चचं थेट प्रक्षेपण असतं का विचारा. इथल्या पूर्व किनाऱ्यावरची सकाळी दहाची उपासना भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला दिसते.

बाप्तिस्म्याला फी नसते. कोणी प्रेमाने देणगी दिली तर ती वेगळी.

गॉडपेरेंट, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने वचन देणारे, निवडताना आपल्याकडे फार ओढाताण होते. नियम असा की बाळाला किमान एक गॉडपेरेंट हवा आणि गॉडपेरेंट हे बाप्तिस्मा झालेलेच असतात. आईवडील स्वतःच्या मुलाचे गॉडपेरेंट असू शकतात, किंबहुना पुस्तक तसं सुचवतं. हिंदू मामा किंवा आत्या त्या भूमिकेत बसत नाहीत, पण त्यांना वगळू नका. बाळाला मांडीवर घेणं, पेटवलेली मेणबत्ती हातात घेणं यासाठी पाळकांना विचारा. गॉडपेरेंट हा मानापमानाचा विषय नव्हे. बाळाच्या श्रद्धेची काळजी मोठेपणीही घेईल अशी व्यक्ती निवडा, जवळ राहणारी असेल तर फारच चांगलं.

आईवडील आणि गॉडपेरेंट यांना एक-दोन भेटींत शिकवण दिली जाते. तिथे प्रश्न आधी वाचून घ्या. तीन गोष्टींचा त्याग, तीन गोष्टींचा स्वीकार, आणि मग बाप्तिस्म्याच्या करारातली पाच वचनं. शेवटचं वचन न्याय आणि शांतीसाठी झटण्याचं आणि प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा जपण्याचं आहे. जात बघून वागण्याची सवय ज्या समाजात अजून आहे, त्या समाजातून आलेल्या आपण हे वचन उच्चारताना क्षणभर थांबावं असं मला वाटतं. मी दर वेळी थांबते. मंडळीही या बाळाला आधार देण्याचं वचन देते, म्हणूनच हा विधी बंद दाराआड होत नाही.

एक जण ख्रिस्ती आणि एक हिंदू असेल आणि बाप्तिस्म्याबद्दल दोघांचं एकमत नसेल, तर घाई करू नका. बाळाच्या जन्माबद्दल किंवा दत्तक घेतल्याबद्दल आभार मानण्याचा एक छोटा विधी प्रार्थनापुस्तकात आहे. त्यात बाप्तिस्मा नसतो, प्रार्थना आणि आशीर्वाद असतो. अशा घरांना मी तोच सुचवते. बारसं आणि बाप्तिस्मा यांचीही गल्लत नको. पाळणा, कुर्र, घुगऱ्या हे घरी, आपल्या दिवशी. बाप्तिस्म्यात बाळाला नाव ठेवत नाहीत, ते आधीच असलेल्या नावाने सादर होतं, आणि फक्त नाव घ्यायचं, आडनाव नाही. ते कसं उच्चारायचं हे पाळकांना लिहून द्या. 'ज्ञानदा' हे नाव इंग्रजी लिपीत वाचून कोणालाही नीट म्हणता येणार नाही.

आदल्या दिवशी बाळाचा झोपण्याचा आणि दुधाचा वेळ मला सांगा, असं मी आईला म्हणते. सकाळी मी किटलीत पाणी तापवते, सुरईत गार पाण्यात मिसळते आणि कोपर बुडवून बघते, आपण न्हाणीघरात बघतो तसं. पाणी उपासनेच्या मध्यावर ओतायचं असतं, म्हणून सुरुवातीला ते थोडं जास्त ऊन ठेवते. पाळक पाण्यावर प्रार्थना करतात, तीनदा पाणी घालतात, मग कपाळावर क्रूसाची खूण करतात, बहुधा सुगंधी तेलाने. बाळाला गळ्याशी सैल असलेलं झबलं घाला. गळाबंद फ्रॉकमध्ये पाणी आत जातं आणि बाळ चिडतं. रडलं तर रडू द्या, मंडळीत कोणाला त्याचं काही वाटत नाही.

बाळ अत्यवस्थ असेल तर वाट बघायची नाही. बाप्तिस्मा झालेली कोणतीही व्यक्ती, नर्ससुद्धा, पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. तो पूर्ण असतो. नंतर पाळकांना कळवून नोंद करायची, आणि बाळ बरं झालं की मंडळीत त्याचा आनंद साजरा होतो.

हॉल: मंडळ, मराठी शाळा, डोहाळजेवण

चर्चचा पॅरिश हॉल स्वस्त पडतो, पार्किंग असतं, स्वयंपाकघर असतं, म्हणून आपली मंडळं तिकडे वळतात. अर्जात कार्यक्रमाचं खरं स्वरूप लिहा. "कल्चरल प्रोग्रॅम" एवढंच लिहून आत गणपतीची प्रतिष्ठापना केलीत, तर उद्या सगळ्याच भारतीय गटांना नकार मिळेल. काही रेक्टर हॉलमध्ये इतर धर्मांच्या पूजेला हो म्हणतात, काही फक्त सांस्कृतिक भागाला, काही नाहीच म्हणतात. विचारलं तर निदान उत्तर मिळतं. उपासनेची मुख्य जागा वेगळी, ती यासाठी मागू नका. होम, समई, उदबत्ती याबद्दल स्वतंत्र विचारा. धुराची घंटा थेट अग्निशमन दलाकडे जोडलेली असते.

कागद लागतात ते असे. संस्था नोंदणीकृत ना-नफा असल्याचा पुरावा, कारण चर्चची मालमत्ता करमुक्त असते आणि धंद्यासाठी ती दिली तर ती सवलत धोक्यात येऊ शकते. विम्याचं प्रमाणपत्र, पुष्कळ ठिकाणी १० लाख डॉलरचं, त्यात पॅरिशचं आणि सांगितलं तर डायोसीसचंही नाव. घरगुती डोहाळजेवणासाठी एका दिवसाचा विमा मिळतो. मग सही केलेला करार आणि डिपॉझिट.

मराठी शाळा दर रविवारी भरवायची असेल तर प्रकरण वेगळं. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लागू होतात: वर्गात दोन मोठी माणसं, शिक्षकांची पार्श्वभूमी तपासणी, प्रशिक्षण. याला अविश्वास समजू नका, या नियमांमागे मुलांनी सोसलेलं बरंच काही आहे. लांब मुदतीच्या भाडेकराराला बिशप आणि डायोसीसच्या स्टँडिंग कमिटीची लेखी संमती लागू शकते, म्हणून शाळा सप्टेंबरात सुरू करायची असेल तर बोलणी हिवाळ्यातच काढा.

दारूबद्दल चर्चच्या २०१५ च्या अधिवेशनाने धोरण घालून दिलं. दारू असलीच तर तितकीच आकर्षक बिनदारूची पेयं शेजारी हवीत, कशात अल्कोहोल आहे ते लिहिलेलं हवं आणि खाणं हवं. बरीच पॅरिश हॉल भाड्याने देताना दारू सरळ बंद ठेवतात. याचं एक कारण त्याच इमारतीत असतं. शेजारच्या खोलीत बहुतेक संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, बैठक भरते. १९३५ मध्ये सुरू झालेल्या त्या चळवळीवर न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चचे रेक्टर सॅम्युएल शूमेकर यांचा मोठा प्रभाव होता, आणि तेव्हापासून हे नातं टिकून आहे. तिथे येणाऱ्यांची ओळख गुप्त राहणं हा त्यांचा जीव आहे. म्हणून कॉरिडॉरमध्ये व्हिडिओ काढू नका, मुलांना त्या दाराशी खेळू देऊ नका, आणि ढोल त्यांची वेळ सोडून वाजवा.

स्वयंपाकघराबद्दल एकच आग्रह: तिथे तळण करता येईल का, हे आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी तळणाला बंदी असते, पण उकडीचे मोदक, पुलाव, आणलेलं जेवण गरम करणं चालतं. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, डब्यात भरून घरी न्या. फूड पँट्रीच्या, म्हणजे गरजूंसाठी ठेवलेल्या धान्याच्या, कपाटांना आणि बालवाडीच्या खेळण्यांना हात लावू नका. भिंतीवर अग्निशमन विभागाने लिहिलेली माणसांची संख्या बघून तेवढीच तिकिटं विका.

निघताना सेक्स्टनबरोबर एक फेरी मारा: स्वच्छतागृहं, फ्रीज, खिडक्या, थर्मोस्टॅट, टेबलं होती तशी. सुरुवातीला आलात तेव्हा खोलीचे चार फोटो काढून ठेवले असतील तर टेबलं कशी होती यावर वाद होत नाही. रांगोळी जमिनीवर न काढता जाड पुठ्ठ्यावर काढली असेल तर ती तशीच उचलून गाडीत जाते. कचऱ्याच्या पिशव्या मागच्या डंपस्टरमध्ये, फुलांचं निर्माल्य वेगळं घरी. किल्ली कोणाच्या खिशात आहे ते शेवटची गाडी सुटण्याआधी विचारा.